नवे धनुष्य केव्हा घ्यावे? : कमठा, कमान, बंदूक आणि पनवेलचे रान

१/
पदवीच्या दुसऱ्या वर्षी एका उत्तरपत्रिकेत मी असे वाक्य लिहिले होते : बंदूक उपलब्ध होऊनही कोकणातील आदिवासी मागासलेपणामुळे धनुष्यबाणालाच चिकटून राहिले. त्या उत्तराला चांगले गुण मिळाले. वाक्य मात्र चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे सांगण्यासाठी हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.
#इतिहास #पनवेल #थ्रेड

२/
प्रश्न वरकरणी साधा आहे. शिकाऱ्याने हातातले जुने धनुष्य ठेवून नवे, अधिक जोरकस हत्यार केव्हा घ्यावे? शालेय इतिहासात याचे उत्तर जिन्यासारखे असते : दगड, भाला, धनुष्य, बंदूक. नवी पायरी आली की जुनी सुटली. प्रत्यक्षात माणसे शतकानुशतके दोन पायऱ्यांवर एकेक पाय ठेवून उभी होती, आणि त्यामागे त्यांचा पक्का हिशेब होता. तो हिशेब आपण पनवेलच्या परिसरातून पाहू.

३/
आधी शब्द पाहू, कारण भाषेने हा बदल फार नीट नोंदवून ठेवला आहे. आपण 'तिरकमठा' म्हणतो. यातला 'तीर' फारसी. 'कमठा' मात्र इथला. संस्कृत कोशांत 'कमठ' म्हणजे कासव, आणि बांबूही. म्हणजे परक्या नावाचा बाण देशी बांबूच्या धनुष्यावर चढला आणि जोडशब्द मराठीत मुरला. फारसी 'कमान' आली, पण रानात तिने कमठ्याची जागा घेतली नाही. ती दरवाजावर चढली, घड्याळात शिरली.

४/
आणि 'बाण'? अठराव्या शतकातील मराठी पत्रांत व बखरींत 'बाण' हा शब्द पुष्कळदा अग्निबाणासाठी, म्हणजे दारू भरून उडवायच्या अस्त्रासाठी येतो. लढाईच्या वर्णनात 'बाणांचा मार' वाचून धनुर्धाऱ्यांची रांग डोळ्यांपुढे आणणारे वाचक अनेकदा फसतात. जुने नाव नव्या हत्याराला मिळाले. हे लक्षात ठेवा. पुढे असाच आणखी एक शब्द भेटणार आहे.

५/
आता खुद्द कमठा. भरीव, जून बांबूची चिरफळी, दोन्ही टोकांकडे निमुळती केलेली. अनेक भिल्लांच्या कमठ्याची दोरीही बांबूच्याच कामटीची असते. बांबू पावसाळा सरल्यावर, शक्यतो वद्य पक्षात तोडावा म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, असा जुना संकेत आहे. पक्षाचे सोडून द्या, पण ऋतूचे कारण खरे आहे : हिवाळ्यात तोडलेला बांबू नीट वाळतो आणि किडीला कमी बळी पडतो.

६/
असा कमठा 'जुना' केव्हा होतो? दोरी उतरवून ठेवली तरी तो वाकलेलाच राहू लागला म्हणजे त्याची उसळी गेली. पोटाला बारीक तडा दिसला म्हणजे तो हातात फुटणार. कामटीचे तंतू सुटू लागले म्हणजे दोरी बदलायची. ही तिन्ही लक्षणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि तिन्हींवरचा उपाय मालकाच्या कोयत्यात आणि शेजारच्या बेटात असतो. कारागिराकडे जावे लागत नाही, पैसा लागत नाही, परवाना लागत नाही. निदान तेव्हा लागत नव्हता.

७/
याहून श्रेष्ठ धनुष्य उपलब्ध होते. मध्य आशियातून आलेली, मोगल आणि दख्खनी सरदारांच्या हातांतली जोड-कमान. मध्ये लाकूड, नेमबाजाकडच्या बाजूला म्हशीचे शिंग, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू, सारे सरसाने जखडलेले. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. त्यामुळे आखूड असूनही ही कमान प्रचंड शक्ती साठवते आणि घोड्यावरून सहज वापरता येते. अशी एक कमान घडून, वाळून तयार व्हायला कित्येक महिने लागत. शक्तीच्या कसोटीवर बांबूचा कमठा तिच्या जवळपासही येत नाही.

८/
मग ती कर्नाळ्याच्या पायथ्याशी का रुजली नाही? उत्तर त्या सरसात आहे. सरस दमट हवेत मऊ पडतो. तो ढिला झाला की थर सुटू लागतात आणि मोलाची कमान लाकडाच्या ढलपीइतकी निरुपयोगी होते. तिच्यावर लाखेचे व रंगाचे लेप देत, ती गवसणीत घालून उबेला ठेवत. सरदाराच्या शिलेखान्यात हे जमत असे. चार महिने ज्याच्या कुडाच्या भिंतीही ओल्या असतात, त्याला हे कसे जमावे?

९/
ही अडचण केवळ गरिबांची नव्हती. सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानात चक्क पोलादी धनुष्ये घडवली गेली. अनेक संग्रहालयांत ती आजही पाहायला मिळतात. पोलाद जड, त्याची उसळी शिंगाच्या कमानीहून कमी, आणि आत दोष राहिला तर अचानक तुटण्याची भीती. तरीही ती घडवली गेली, कारण ती कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी थर सुटत नसत. म्हणजे खुद्द राजेरजवाड्यांनी कमी शक्तीचे पण टिकाऊ धनुष्य निवडले होते. याला कोणी मागासलेपण म्हणत नाही.

१०/
आता बंदूक. तोड्याची बंदूक सतराव्या शतकात दख्खनमध्ये सर्वत्र होती. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेल्या फ्रेंच वैद्य बर्निए याने मोगल फौजेबद्दल एक निरीक्षण नोंदवले आहे : बंदूकवाला दोनदा बार काढेपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. बंदुकीचा बार जोरदार, चिलखत भेदणारा. पण दोन बारांमधला तो लांबलेला वेळ! सावज तेवढा वेळ थांबत नाही. शत्रूही थांबत नाही.

११/
शिवाय पाऊस. पेटता तोडा विझतो, कानातली दारू भिजते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडावरच्या दारूखान्याची व्यवस्था सांगताना ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवण्याची आज्ञा आहे. दारू हे सतत निगा मागणारे द्रव्य आहे. त्यासाठी हवालदार हवा, कोठार हवे, सोरा आणि गंधक आणणारा व्यापारी हवा. बंदूक ही एकटी वस्तू नसते; तिच्यामागे सारे राज्य उभे असावे लागते.

१२/
आणि आता या धाग्यातील मला सर्वांत आवडलेला तपशील. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवछत्रपतींच्या कोकणी पायदळाचे, म्हणजे हेटकऱ्यांचे वर्णन केले आहे. हेटकरी बंदुकीच्या अचूक नेमासाठी नावाजलेले. पण तो सांगतो की दर दहावा माणूस बंदुकीऐवजी धनुष्यबाण बाळगीत असे. रात्रीचे छापे आणि अचानक हल्ले यांत, जेथे बार काढण्यास मनाई असे, तेथे तो उपयोगी पडे.

१३/
या 'दहाव्या माणसा'कडे जरा थांबून पाहा. त्याच्या उरलेल्या नऊ साथीदारांकडे बंदुका आहेत, तेव्हा बंदूक मिळत नव्हती किंवा चालवता येत नव्हती असे म्हणताच येत नाही. धनुष्य त्याच्या हाती नेमणुकीने दिले गेले आहे. रात्री बंदुकीचा आवाज जागा सांगतो, जळत्या तोड्याचा ठिपका माणूस दाखवतो, दारूचा वास मागे राहतो. धनुष्य यांतले काहीच करीत नाही. हत्यार बदलावे की नाही, या प्रश्नाला त्या फौजेने दिलेले उत्तर होते : नऊ जणांनी बदलावे, दहाव्याने बदलू नये.

१४/
कर्नाळा किल्ला याच काळात हातोहात फिरत होता : १६५७ मध्ये स्वराज्यात, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने मोगलांकडे, १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात. त्या अंगठ्यासारख्या सुळक्याभोवतीच्या दाट रानात चढणाऱ्या माणसाला दूरवरच्या माऱ्यापेक्षा शांतता अधिक मोलाची वाटली असेल, हे समजायला त्या वाटेने एकदा पावसाळ्यात चालून जावे. दहा पावलांपलीकडचे दिसत नाही.

१५/
हा वाद जगात इतरत्रही झाला. इंग्लंडमध्ये १५९० मध्ये सर जॉन स्मिथ याने लांब धनुष्याच्या बाजूने आख्खे पुस्तक लिहिले : बाण भराभर सुटतात, बंदूक पावसात दगा देते. त्याला छापील प्रत्युत्तरेही मिळाली. अखेर १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने लष्करी पथकांतून धनुष्य हटवण्याचा आदेश दिला. स्मिथचे मुद्दे खोटे नव्हते. पण चांगला धनुर्धारी घडायला लहानपणापासूनचा सराव लागतो, आणि बंदूकवाला काही आठवड्यांत तयार होतो. सरकारला घाई असते. शिकाऱ्याला तशी घाई नसते. त्याचा सराव बालपणीच झालेला असतो.

१६/
आदिवासी नवे हत्यार घेतच नाहीत, हा समज खानदेशात तर सरळ मोडतो. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे. काल तिरकमठ्याने कंपनी सरकारशी झुंजणाऱ्या समाजातले जवान अल्पावधीत कवायती बंदूकवाले झाले. काय बदलले होते? दारूगोळा सरकारी, दुरुस्ती सरकारी, पगार महिन्याचा. निगेचा भार दुसऱ्याने उचलला, तेव्हा नवे हत्यार घेण्यात अडचण उरली नाही. गावाकडे राहिलेल्या भावाच्या हाती मात्र कमठाच होता, कारण त्याचा भार उचलणारे कोणी नव्हते.

१७/
आता एकोणिसाव्या शतकातले पनवेल. बंदर, मुंबई-पुणे वाटेवरचा मोठा बाजार, बैलगाड्यांच्या चाकांसाठी प्रसिद्ध गाव. भोवतालच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकर. अशा एखाद्या कातकऱ्याने ठासणीची बंदूक घ्यायची म्हटले तर हिशेब काय? किंमत एकदाची, पण दारू, छर्रे आणि टोप्या दर वेळच्या, त्याही बाजारातून रोख. सावज काय, तर ससा, रानकोंबडा, घुशी-उंदीर. एका बाराचा खर्च सशातून सुटायचा कसा? बाण चुकला तर उचलून पुन्हा लावता येतो. उडालेली दारू परत मिळत नाही. आणि पहिल्या बाराला रान रिकामे होते.

१८/
हा हिशेब १८७८ साली कायमचा बिघडला. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले. शस्त्र कायद्याने बंदुकीसाठी परवाना बंधनकारक केला. इतकेच नव्हे, तर 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत तलवार-भाल्यांबरोबर धनुष्यबाणही गणले. आणि वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार, सापळे, मासेमारी सरकारी नियमांखाली आणली. म्हणजे बंदूक घ्यावी तर परवाना, कमठा ठेवावा तर तोही कागदावर शस्त्र, आणि दोन्हींपैकी काहीही घेऊन ज्या रानात जायचे ते रानच दुसऱ्याचे.

१९/
सरकारची शस्त्रांबद्दलची धास्ती याच तालुक्याने पुढच्याच वर्षी वाढवली. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मे १८७९ मध्ये त्यांचे रामोशी साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे छापे घातले. जुलैमध्ये फडके पकडले गेले, १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. असे बंड अंगणात झालेले असताना, डोंगरातल्या कातकऱ्याला बंदुकीचा परवाना मागायला मामलेदार कचेरीची पायरी चढणे कितपत शक्य होते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

२०/
हत्यारापाठोपाठ धंदा गेला. कातकरी हे नावच खैराचा कात पाडण्यावरून आलेले. खैर सरकारी झाला आणि ती चूल विझली. माणसे कोळसाभट्ट्यांकडे, पुढे वीटभट्ट्यांकडे वळली. वनखात्याविरुद्धच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. बांबूची गोष्ट तर विलक्षण आहे. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला 'वृक्ष' ठरवले. शास्त्राच्या दृष्टीने गवत, कायद्याच्या दृष्टीने झाड! जंगलाबाहेरचा बांबू या व्याख्येतून सुटायला २०१७ साल उजाडले. तोपर्यंत तडा गेलेला कमठा बदलायला बांबू तोडणे, हाही गुन्हा ठरू शकत होता.

२१/
२५ सप्टेंबर १९३०. चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह. लोकांच्या हाती कोयते आणि कुऱ्हाडी होत्या, झाड तोडून कायदा मोडण्यासाठी. समोर पोलिसांच्या बंदुका. गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांच्या नामावलीत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. या धाग्यात कातकऱ्यांना मी आतापर्यंत 'एखादा कातकरी' असेच संबोधत आलो, कारण कागदपत्रे त्यांची नावे क्वचितच देतात. हे एक नाव कागदाने दिले, तेही बंदूक दुसऱ्याच्या हाती होती म्हणून.

२२/
आता चौथ्या टप्प्यात सांगितलेला दुसरा शब्द : 'गलोल'. मूळ गलोल हे एक धनुष्यच. त्याला दोन दोऱ्या, मधे छोटी पट्टी, आणि तीतून मातीची गोळी मारायची, पाखरे टिपण्यासाठी. आज गलोल म्हटले की आपल्याला बेचकी आठवते : दुबेळक्याची काठी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर. असे टिकाऊ रबर चार्ल्स गुडइयरच्या १८३९ च्या शोधानंतरच शक्य झाले. ते रबर पंक्चरच्या दुकानांतून गावोगावी पोचले, तेव्हा डोंगरातल्या पोरांनी ते लगेच उचलले. कोणी शिकवायला गेले नव्हते.

२३/
म्हणजे नवे हत्यार आले, आणि ते स्वीकारलेही गेले! फक्त ते बंदुकीच्या रूपात आले नाही. बेचकी पावसात चालते, तिचा खुर्दा नदीच्या पात्रात फुकट मिळतो, ती तुटली तर दहा मिनिटांत नवी होते, आणि तिला परवाना लागत नाही. कमठ्याच्या साऱ्या अटी तिने पाळल्या. पुस्तकी जिन्यावर बेचकीला पायरीच नाही, म्हणून आपल्याला हा बदल दिसत नाही.

२४/
पुढे कर्नाळ्याचे रान १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशभर शिकारीवर बंदी आली. वन्यजीवांसाठी ते आवश्यक होते, आणि मी शिकारीची वकिली करीत नाही. पण ज्या समाजाला सरकार आज विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून नोंदवते (महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड), त्याच्या हातातून आधी खैर, मग रान, मग शिकार गेली, हा क्रम आठवणीत ठेवावा. दुर्बलता कमठ्यातून आली नाही.

२५/
आणि धनुष्य बदलण्याचा प्रश्न आजही जिवंत आहे, मैदानावर. आपल्याकडच्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार बांबूच्या धनुष्यानेच खेळतात. अनेक मुलामुलींची सुरुवात तिथे होते. मग प्रश्न येतो : रिकर्व्ह किंवा कंपाउंड केव्हा घ्यावे? राजस्थानच्या आदिवासी पाड्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला, १९८० च्या दशकात सरकारी प्रशिक्षण योजनेत निवडला गेला आणि १९९२ च्या आशियाई स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी साधली. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले.

२६/
कप्प्या लावलेले हे कंपाउंड धनुष्य अमेरिकेत हॉलेस विल्बर ॲलन याने १९६० च्या दशकात शोधले. पूर्ण ताणल्यावर भार हलका होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते. विलक्षण यंत्र आहे. पण सारा सरंजाम मिळून किंमत लाखांच्या घरात जाते, आणि दोरी-कप्प्यांच्या जुळवणीला खास उपकरणे व जाणकार लागतात. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, जो कर्नाळ्याच्या पायथ्याशी होता : बिघडले तर दुरुस्त कोण करील, आणि खर्च कोण उचलील? लिंबारामच्या मागे योजना उभी राहिली, म्हणून त्याचा कमठा सुटला. जिच्या मागे कोणी नाही, ती मुलगी इंडियन राउंडलाच थांबली तर आपण तिला हट्टी म्हणणार का?

२७/
तेव्हा ते परीक्षेतले वाक्य आज मी असे लिहीन : कोकणातील आदिवासींनी बंदुकीचा खर्च, आवाज, ओल आणि परवाना यांचा विचार करून आपल्या कामाला योग्य ते हत्यार राखले; आणि परवडणारे, हातचे नवे साधन मिळताच ते स्वीकारले. गुण किती मिळतील, ठाऊक नाही. उत्तर थोडे लांबले आहे, आणि परीक्षेत ओळी मोजून दिलेल्या असतात.

२८/
शेवटी एक विनंती. तुमच्या भागात बांबूच्या धनुष्याला काय म्हणतात? कमठा, कामठा, कांबीट, की आणखी काही? दोरी कशाची असते? घरातल्या जुन्या माणसांना विचारून खाली लिहा, गावाचे नावही द्या. शब्द गोळा करून पुढचा धागा त्यांवरच करण्याचा विचार आहे.
#मराठी #इतिहास